आगोटीची गाणी

मे महिना अर्धा सरला की आमच्या कोकणात घरोघरी एकच लगबग सुरू होते. लाकूडफाटा फोडून पडवीत रचायचा, कांद्यांच्या माळा टांगायच्या, सुके बोंबील डब्यात भरायचे. तांदूळ, कुळीथ, मीठ, मिरची, आमसुले, पापड, जे जे पावसात मिळणार नाही किंवा मिळाले तरी वाळणार नाही, ते सगळे आधीच घरात आणून ठेवायचे. ह्या बेगमीला इकडे आगोट म्हणतात. मी मूळची नगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची. १९७५ साली लग्न होऊन अलोऱ्याला आले तेव्हा हा शब्द मला ठाऊक नव्हता. आमच्याकडे पावसाची वाट पाहायची असते, इथे पावसाची तयारी करायची असते. शेजारच्या वहिनींनी पहिल्याच वर्षी मला सांगितले होते, "पाऊस लागल्यावर लाकडं शोधायला गेलीस तर ओलीच गावतील!"

हे सगळे आठवायला कारण झाला माझा भाचा. गेल्या महिन्यात फोनवर बोलता बोलता तो म्हणाला, "मावशी, तू संकटातसुद्धा देवाची स्तुती करायला सांगतेस. देवाला काय आपल्या कौतुकाची भूक आहे? आणि घरात रडण्यासारखी परिस्थिती असताना गाणी म्हणायची, म्हणजे स्वतःलाच फसवणे नाही का?"

प्रश्न मला आवडला. वर्गात असा प्रश्न विचारणारा मुलगा एखादाच असतो आणि त्याला "खाली बस" म्हणून चालत नाही. शिवाय त्याच्या घरची परिस्थिती मला माहीत आहे. नोकरी गेलेली, त्यात बायकोचे दुखणे. तो वाद घालायला विचारत नव्हता. फोनवर काही नीट उत्तर देता येईना, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. (हा भाचा कोण, ते नातेवाईकांनी शोधत बसू नये!)

आधी 'स्तुती' ह्या शब्दाविषयी. स्तुती म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर भाट उभा राहतो, राजाची वाहवा करून बिदागी मिळवणारा. देवाची स्तुती अशी असती तर भाच्याचा आक्षेप अगदी बरोबर ठरला असता. पण बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडून पाहा. तिच्यात १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांतला साधारण तिसरा हिस्सा चक्क विलापाचा आहे. देवा, तू कुठे लपून बसलास, किती दिवस वाट पाहू, दुष्ट लोक सुखात आणि मी असा का, अशा अर्थाचे जाब विचारलेले आहेत. आपल्या संतांनी विठोबाशी भांडणे केली, तीच जात. ह्यांतली बहुतेक गीते रडत सुरू होतात आणि शेवटी कुठेतरी भरवशाच्या शब्दावर येऊन थांबतात. पण सगळीच नाहीत. ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते. तरीही ते कुणी पुस्तकातून काढून टाकले नाही. हजारो वर्षे लोक तेही उपासनेत म्हणत आले आहेत. म्हणजे दुःख दाबून टाकून हसरा चेहरा करणे, ह्याला स्तुती म्हणत नाहीत. आपले जे काही आहे ते घेऊन देवापुढे उभे राहायचे आणि तो ऐकतो आहे असे धरून बोलायचे, एवढाच तिचा अर्थ. ह्यात फसवणूक कुठे आली?

आता देवाला तिची गरज आहे का? मला वाटते, गरज आपल्याला आहे. कशी, ते सांगायला मला माझ्या धंद्याकडे वळावे लागेल. मी तेहेतीस वर्षे मराठी शिकवले आणि तेहेतीस वर्षे मुलांकडून कविता पाठ करून घेतल्या. मधल्या काळात पाठांतराची फॅशन गेली. "अर्थ कळला की झाले, पोपटपंची कशाला?" असे नवे शिक्षक म्हणू लागले. अर्थ कळला पाहिजे हे मलाही मान्य आहे. पण माझा अनुभव असा, की संकटात माणसाला विचार सुचत नाहीत. डोके बधिर होते. त्या वेळी आत आधी जे भरून ठेवले असेल, तेच वर येते.

येशूच्या शेवटच्या रात्रीची गोष्ट पाहा. शिष्यांबरोबरचे ते भोजन झाल्यावर त्यांनी गीत म्हटले आणि मग ते जैतुनांच्या डोंगराकडे निघाले, असे मत्तय आणि मार्क दोघेही लिहितात. पुढे काय वाढून ठेवले आहे हे येशूला ठाऊक होते. आणि दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर, देवाने मला का टाकले हा जो आक्रोश त्याच्या तोंडून निघाला, तो २२व्या स्तोत्राच्या सुरुवातीचा आहे. लहानपणापासून ऐकलेले, पाठ असलेले गीत. इतक्या वेदनेत नवे वाक्य कोण रचत बसेल? जे पाठ होते तेच ओठांवर आले. मी हे पहिल्यांदा नीट लक्षात घेतले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

आपल्या मराठीतही ह्याचा एक मोठा दाखला आहे. फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेज्वितांनी गोव्यात राहून ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' लिहिले. ते १६१६ साली राचोलला छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्या! गोव्यातले ख्रिस्ती लोक ते देवळात आणि घरी गाऊन म्हणत. पुढे त्यांतली पुष्कळ कुटुंबे गोवा सोडून दक्षिणेला कानडा मुलुखात गेली आणि जाताना पुराणही घेऊन गेली. १७८४ साली टिपू सुलतानाने मंगळूर भागातल्या हजारो ख्रिस्ती लोकांना पकडून श्रीरंगपट्टणला नेले. १७९९ साली टिपू पडला तेव्हा उरलेले सुटले. पंधरा वर्षे! त्या बंदिवासात क्रिस्तपुराणाने त्यांना धीर दिला, असे त्यांच्या वंशजांमध्ये परंपरेने सांगत आले आहेत. त्या जुन्या छापील प्रती काळाच्या ओघात नाहीशा झाल्या. ग्रंथ टिकला तो लोकांनी घरोघर हाताने उतरवून ठेवलेल्या प्रतींमुळे. १९०७ साली मंगळूरच्या जोसेफ साल्ढाणा ह्यांनी तो पुन्हा छापला, म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतो. सामान लुटता येते, घर सोडायला लावता येते, पण माणसाला पाठ असलेली ओवी त्याच्याकडून कोण हिसकावून घेणार?

आम्हा नगरकडच्या लोकांच्या घरात मात्र क्रिस्तपुराण नव्हते. आमच्याकडे होते रेव्हरंड नारायण वामन टिळक. कोकणच्या वाचकांना मुद्दाम सांगते, की टिळक तुमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातले. दापोली तालुक्यातल्या करजगावचा त्यांचा १८६१चा जन्म. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढची पुष्कळ वर्षे नगरला काढली. मी शाळेत 'केवढे हे क्रौर्य' शिकवायची तेव्हा मुलांना सांगायची, की हे कवी आपल्या जिल्ह्याचे आहेत हो! मुलांना फार अप्रूप वाटे.

टिळकांच्या आधी मराठी मंडळ्यांमध्ये म्हटली जाणारी पुष्कळशी गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे होती. चाली तिकडच्या, शब्दांची ओढाताण. देशी चालींची ख्रिस्ती कीर्तने नगरकडे सुरू झालेली होती, पण टिळकांनी अभंग, ओवी, पद ह्यांचा जणू पाटच आमच्या उपासनेत आणून सोडला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते स्वतःच सांगत. 'उपासना संगीत' हे आमचे गीतांचे पुस्तक. त्यात त्यांची दोनशेहून जास्त गीते आहेत. ह्याचा परिणाम काय झाला? जिला अक्षर येत नव्हते ती बाईसुद्धा जात्यावर, शेतात, पाणी भरताना देवाचे नाव आपल्या बोलीत गाऊ लागली. इंग्रजी चालीचे भाषांतर जात्यावर म्हणता येत नाही, दळण अडते!

आणि ही गीते सुखात बसून लिहिलेली नाहीत. धर्मांतरानंतर टिळक आणि लक्ष्मीबाई काही वर्षे एकमेकांपासून दूर राहिले, नातलग तुटले. घरात पैसा टिकत नसे. तो काळही कसा! १८९६-९७चा दुष्काळ, प्लेग, पुन्हा १८९९-१९००चा दुष्काळ. हे सगळे अंगावर घेतलेल्या माणसाच्या लेखणीतून ती भजने आली आहेत. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले. त्यांनी हाती घेतलेले 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य दहा-अकरा अध्यायांवरच राहिले होते. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले, शेवटचा अध्याय मुलाने, देवदत्तांनी. शाळेची पायरी न चढलेल्या, लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या ह्या बाईने वैधव्यात हे काम केले. 'स्मृतिचित्रे' सगळ्यांना माहीत असते, पण ह्या ६४ अध्यायांचे मला जास्त नवल वाटते. नवरा गेल्यावर त्याने अर्धवट टाकलेले स्तुतीचे गाणे पुढे नेत राहायचे, ह्याला केवढे बळ लागत असेल! की त्यातूनच बळ येत असेल? मला दुसरे जास्त खरे वाटते.

माझी आजी त्या जात्यावर गाणाऱ्या बायकांपैकी. नगरजवळच्या खेड्यातली, जन्म १९००च्या आगेमागे. लहानपणी राहुरीला टिळकांचे कीर्तन ऐकल्याचे ती सांगे. १९१८च्या साथीत, म्हणजे ज्याला आता आपण स्पॅनिश फ्लू म्हणतो त्यात, आठवड्याच्या आत तिचा भाऊ आणि तिचे पहिले मूल गेले. मी विचारले होते, "आजी, मग तू काय केलेस?" ती म्हणाली, "काय करणार? दळण तर दळायलाच लागायचं. जात्यावर बसले की गाणं आपोआप यायचं, आणि गाणं आलं की रडू यायचं. दोन्ही बरोबरच चालायचं." तिने ह्यावर कधी प्रवचन दिले नाही. आम्हा नातवंडांना मात्र रात्रीच्या प्रार्थनेत रोज एक गीत म्हणायला लावी. शब्बाथशाळेत जायच्या आधीच मला वीस-पंचवीस गीते पाठ होती. तेव्हा कंटाळा यायचा. ही आगोट भरली जाते आहे, हे त्या वयात कुठले कळायला!

आता माझ्या स्वतःच्या घरातले सांगते. हे कोयना प्रकल्पात होते. अलोरे हे मुळात प्रकल्पामुळेच नावारूपाला आलेले गाव. शिवसागराचे पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीला येते, वीज करून कोळकेवाडी धरणात साठते आणि तिथून अलोऱ्याच्या वीजगृहातून वाशिष्ठीला मिळते. कॉलनीत तेव्हा सगळ्या मुलखांतली माणसे होती. त्यांत आम्ही चार-पाच ख्रिस्ती कुटुंबे. दर रविवारी आळीपाळीने एकेकाच्या घरी उपासना व्हायची. ह्यांची पेटी आणि माझी पाठांतरे. केरळची एक नर्स होती, तिला मराठी अक्षरे येत नव्हती. ती आपल्या लिपीत शब्द लिहून घेऊन आमच्याबरोबर म्हणायची, आणि काय गोड म्हणायची!

२०१८च्या ऑगस्टमध्ये ह्यांना अर्धांगाचा झटका आला. भर पावसात कुंभार्ली घाट चढून कराडला नेले. जीव वाचला, पण उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समोरचे सगळे कळायचे, पण पाणी हवे तर 'पाणी' म्हणता येत नसे. तोंडातून एखादा भलताच आवाज निघे आणि मग ह्यांच्या डोळ्यांना धार लागे. पन्नास माणसांना हाताखाली घेऊन काम केलेला माणूस! ते पाहवत नसे.

घरी आणल्यावर रात्रीची प्रार्थना मी एकटीच करू लागले. मला काही फार श्रद्धा उचंबळून येत होती असे नाही. रोजचे काम म्हणून करत होते, जसे आजी दळण दळायची. तिसऱ्या-चौथ्या रात्री टिळकांचे एक भजन सुरू केले. आमच्या लग्नातही ते म्हटले होते. धृपद संपता संपता मला दुसरा आवाज ऐकू आला. हे म्हणत होते. हुंकार नव्हे, शब्द! थोडे बोबडे, पण स्पष्ट शब्द. डाव्या हाताने पलंगावर ताल धरलेला. पूर्ण भजन झाले. मी आनंदाने म्हटले, "आता 'पाणी' म्हणा बघू." नाही आले.

मला तो चमत्कारच वाटला. पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी समजावून सांगितले. बहुतेक माणसांत बोलण्याचे केंद्र मेंदूच्या डाव्या भागात असते. तिथे इजा झाली की वाचा जाते आणि उजवे अंग लुळे पडते. पण गाण्यात मेंदूचा उजवा भागही पुष्कळ काम करतो, तो शाबूत असेल तर गाणे टिकून राहू शकते. म्हणून ज्यांना बोलता येत नाही अशांपैकी काहींना पूर्वी पाठ असलेली गाणी म्हणता येतात. ह्याचाच उपयोग करून बोस्टनमधल्या संशोधकांनी १९७३ साली एक उपचारपद्धती मांडली. छोटी वाक्ये सुरात म्हणून घ्यायची आणि हळूहळू सूर कमी करत बोलण्याकडे यायचे.

नंतर मी ह्याविषयी वाचत गेले. स्वीडनमध्ये ओलोफ डालिन ह्यांनी १७४५ साली एका माणसाची हकिकत नोंदवली आहे. मोठ्या आजारात त्याची उजवी बाजू लुळी झाली, वाचा गेली. 'होय' एवढाच शब्द त्याला म्हणता येई. पण आजाराआधी शिकलेली देवाची काही गीते तो निरोग्यासारखी स्पष्ट गात असे. फक्त सुरुवातीला कुणीतरी त्याच्याबरोबर गावे लागे. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. पावणेतीनशे वर्षांपूर्वीचा तो कोण कुठला स्वीडनचा माणूस, आणि आमच्या अलोऱ्यातले हे!

माझ्या श्रद्धेला ह्या शास्त्रीय उत्तराने धक्का वगैरे बसला नाही. मेंदूची ही घडण ज्याने केली त्याचे मला उलट जास्तच कौतुक वाटले. पण दोन गोष्टी मात्र पक्क्या कळल्या. एक, जे आजाराआधी शिकलेले होते तेच उपयोगी पडले. दुसरे, सुरुवातीला बरोबर कुणीतरी गाणारे लागले.

ह्यांना मग आम्ही रोज थोडे थोडे सुरात बोलायला लावले. वर्षभरात 'पाणी', 'चहा', 'नको', माझे नाव, मुलांची नावे, इतके परत आले. त्यापलीकडे फारसे नाही. पण रोज रात्री पंधरा मिनिटे हे पूर्ण वाक्ये म्हणत, पूर्ण कडवी म्हणत. दिवसभर मुका असलेला माणूस त्या पंधरा मिनिटांत पुन्हा आपला आवाज ऐकत असे. त्याने ह्यांना किती बळ दिले ते ह्यांच्या चेहऱ्यावर दिसे. प्रकल्पात असताना हे म्हणायचे, वीज लागते तेव्हा पाऊस पडत नसतो, पाणी आधी साठवून ठेवावे लागते. ह्या माणसाने आयुष्यभर साठवले होते.

२०२१च्या जुलैत चिपळूणला महापूर आला, तो सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. आम्ही वरच्या अंगाला, म्हणून वाचलो. चिपळूणच्या ओळखीच्या एका बाईंच्या घरात छपरापर्यंत पाणी चढले होते. कपडे, धान्य, भांडी, गीतांचे पुस्तक, सगळ्यावर चिखलाचा थर. आमच्याकडून पाच-सहा जण मदतीला गेले. दिवसभर फावड्याने चिखल ओढला, भिंती धुतल्या, संध्याकाळी बाई म्हणाल्या, "एक गाणे म्हणू या का?" पुस्तक नव्हतेच, सगळ्यांना पाठ होते ते म्हटले. ही गोष्ट सांगताना मी चिखल आधी सांगते आणि गाणे नंतर, कारण क्रम तोच होता. गाण्याने चिखल निघत नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा फावडे हातात घ्यायची उमेद त्या गाण्याने आली, असे तिथे गेलेल्यांनी मला सांगितले.

त्यानंतर सहा महिन्यांनी, जानेवारी २०२२ मध्ये हे गेले. रात्री भजन म्हणून झोपले, पहाटे उठले नाहीत.

आता भाच्याच्या प्रश्नाचा शेवटचा भाग. ह्यांच्यानंतर मला गाता येईना. शब्द पाठ होते, पण धृपद सुरू केले की दुसरा आवाज कानांत येई आणि गळा बंद होई. असे दोन-अडीच महिने गेले. कुणी म्हणेल, मग कुठे गेली तुमची आगोट? तर तेव्हा दुसऱ्यांची आगोट माझ्या उपयोगी पडली. टाळेबंदीपासून आमची रविवारची उपासना फोनवरच होत असे. नगर, पुणे, चिपळूण, एक घर दुबईचे. मी नुसता फोन कानाला लावून बसत असे. "तुम्हीही म्हणा" असे एकदाही कुणी म्हटले नाही. ते म्हणत राहिले, मी ऐकत राहिले. एका रविवारी तिसऱ्या कडव्याला माझा आवाज आपोआप त्यांच्यात मिसळला. त्यावरही कुणी काही बोलले नाही. बोलले असते तर बहुधा मी पुन्हा थांबले असते.

मराठीत आम्ही चर्चला 'मंडळी' म्हणतो. हा शब्द मला इंग्रजी शब्दापेक्षा फार आवडतो. इमारत नव्हे, माणसे! गाणे एकट्याचे असते तेव्हा त्याचा गळा दाटला की ते थांबते. मंडळीचे गाणे थांबत नाही. एक जण रडतो तेव्हा बाकीचे त्याच्या वाटचे म्हणतात. पुढे दुसरा रडतो, तेव्हा हा त्याच्या वाटचे म्हणतो. पौल आणि सीला फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री गीते गात होते, तेही दोघे होते, हे विसरू नये. आणि इतर कैदी ते ऐकत होते, असे प्रेषितांच्या कृत्यांत मुद्दाम लिहिले आहे. कुणास ठाऊक, त्या कैद्यांतल्या एखाद्याचा गळाही माझ्यासारखाच बंद झालेला असेल.

म्हणून दुःखी माणसाला "स्तुती कर, बरे वाटेल" असे सांगत सुटणाऱ्यांचा मला राग येतो. त्याला काही सांगू नका. औषध लागत असेल तर डॉक्टरकडे न्या, डबा लागत असेल तर डबा पाठवा, आणि गायचे असेल तर त्याच्या शेजारी बसून तुम्ही गा.

हे फक्त आमच्या धर्माचे आहे असेही मी समजत नाही. लाकडे ओली गावतील म्हणणाऱ्या आमच्या शेजारच्या वहिनी आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. त्यांचा तरणाताठा मुलगा अपघातात गेला, त्याला वीस वर्षे झाली. संध्याकाळी त्यांच्या पडवीतून हरिपाठ ऐकू येतो आणि त्याच सुमारास आमच्या घरातून भजन. कधी कधी दोघींचा आवाज मधल्या कुंपणावर एकमेकांत मिसळतो. त्यांनीही तो हरिपाठ मुलगा गेल्यावर पाठ केलेला नाही. माहेरी लहानपणी पाठ झालेला आहे.

तर भाचेराव, तुला माझे सांगणे एवढेच. आज घरात अंधार आहे, तर लगेच मोठमोठी स्तोत्रे म्हणायला घेऊ नकोस. तुझ्या आजीने शिकवलेले एक तरी गीत तुला नक्की आठवत असेल. तेवढेच म्हण, तेही जमेल तसे. नाही जमले तर रविवारी सात वाजता फोन लाव आणि नुसता ऐक. आम्ही म्हणतोच आहोत. आणि तुझी मुलगी आता पाच वर्षांची झाली. तिला दर महिन्याला एक गीत शिकव. तिला कंटाळा येईल, येऊ दे.

नाताळात नगरला सगळे जमाल तेव्हा मी प्रत्येक नातवंडाकडून एकेक गीत म्हणवून घेणार आहे, पुस्तक न बघता. आयांनी आत्तापासून तयारीला लागावे. खाऊ मी आणीन. बाकीच्या वाचकांनी, तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असे एखादे गीत, अभंग, ओवी असेल आणि ते अडचणीच्या वेळी तुमच्या कामी आले असेल, तर मला जरूर कळवावे.